शेंदराखालचं नाव

गुणाबाईला ऐकू येत नाही असं घरात सगळ्यांचं ठाम मत होतं, आणि ते तसंच राहावं याची गुणाबाई गेली दहा-अकरा वर्षं जातीनं काळजी घेत आली होती. चौऱ्याण्णवाव्या वर्षी माणसाच्या फायद्याचं असं दुसरं उरतंच काय? बहिऱ्या माणसासमोर लोक मोकळेपणी भांडतात, सुनांची माहेरं काढतात, एकाचे बेत दुसऱ्याला सांगून टाकतात. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून लसूण सोलणारी म्हातारी मग घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त जाणती होऊन बसते.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. पनवेलच्या त्या तीन मजली बंगल्यात खालच्या मजल्यावर नातू केतनचं डंपरचं ऑफिस, वरच्यावर बिऱ्हाड आणि गच्चीवर आज पितरांची पानं. सून सुमती पहाटेपासून वडे तळत होती. मुलगा दादू केळीची पानं पुसून एकावर एक रचत होता आणि दर पानाला एकेका पितराचं नाव घेत होता, म्हणजे कुणी चुकायला नको. आधी मुंबईच्या गोदीत आणि मग न्हावा शेव्याच्या बंदरात मिळून तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्याच्या हाताला मोजण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

"अकरा," दादू म्हणाला.

दरवर्षी अकराच असायची. गुणाबाईचा आजा गोदू, आजी, काका हासू, गुणाबाईचा घरजावई आलेला नवरा, पटकीत गेलेलं एक मूल, असे सगळे अकरा. गुणाबाईची आई गंगाबाई या अकरांत नव्हती, कारण ती सवाष्ण गेली होती आणि सवाष्णीचं पान अविधवा नवमीला पडतं. आणि गुणाबाईचा बाप काशीराम, त्याचं पान या घरात कधी पडलंच नव्हतं. जित्या माणसाचं पान घालत नाहीत, आणि काशीराम मेला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मिठाच्या पडावावरचा तो खलाशी. पहिली मोठी लढाई चालली होती तेव्हा, इराकातल्या बसऱ्याच्या नदीतल्या आगबोटींवर माणसं हवीत म्हणून सरकारचे लोक खाडीकाठची गावं पालथी घालत आले, त्यांच्याबरोबर एका दिवाळीत निघून गेला. गुणाबाई माघात जन्मली. पुढं लढाई संपली, बरोबर गेलेले दोघे परत आले. ते वेगळ्या बोटींवर होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. अठरा वर्षांची गंगाबाई कुंकू लावून वाट बघत राहिली ती पासष्टाव्या वर्षी मरेपर्यंत. गावानं आपला निकाल केव्हाच लावला होता: जिता आहे आणि येत नाही, म्हणजे तिकडं दुसरी केली. पाणवठ्यावर बायका गंगाबाईच्या कुंकवाकडं बघून हसायच्या आणि गुणाबाईला 'टाकलेलीची पोर' म्हणायच्या. एकदा तर एका चेडवानं, बरोबरीच्या पोरीनं, तिच्या घड्यात चिखल टाकला होता, ते गुणाबाईला अजून आठवत होतं. त्या चेडवाचं नावसुद्धा आठवत होतं, आणि ती मेली तेव्हा गुणाबाई मुद्दाम उशिरा गेली होती.

बापाला तिनं कधी 'बाबा' म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही हे एक, आणि पुढं म्हणावंसं वाटलं नाही हे दुसरं. तिच्या तोंडी तो 'तो बसऱ्याचा' होता. आई तेवढी त्याचं एक चांदीचं बिल्लं मंगळसूत्रात ओवून जन्मभर मिरवत होती. गुणाबाई पाच-सहा वर्षांची असताना ते टपालानं आलं होतं. त्यावर एका बाजूला कुण्या राजाचं तोंड. आईनं पनवेलच्या सोनाराकडून त्याला कडी घालून घेतली आणि गावाला सांगितलं, त्यांनी धाडलंय. मंगळसूत्र आईबरोबर गेलं, बिल्लं गुणाबाईच्या ट्रंकेत राहिलं.

आणि त्याच बिल्ल्यानं आता नव्वद वर्षांनी घरात उच्छाद मांडला होता.

केतनची मुलगी मनस्वी खारघरच्या कॉलेजात इतिहास शिकत होती. घरातली जुनी वस्तू शोधून तिच्यावर लिहा असं तिच्या सरांनी सांगितलं आणि पोरीनं मोठ्या आजीची ट्रंक उघडली. बिल्लं म्हणजे इंग्रजांच्या फौजेचं पदक निघालं. अशा पदकाच्या कडेवर ज्याला दिलं त्याचं नाव कोरलेलं असतं हे तिला इंटरनेटवर कळलं. पण चाळीसेक वर्षं एका बाईच्या गळ्यात घासून घासून ती कड गुळगुळीत झाली होती. पोरगी हट्टी. तिनं कडेवर पतंगाचा कागद गुंडाळून वरून पेन्सिल फिरवली, उजेडात धरली, आणि तिसऱ्या दिवशी अक्षरं लागली: एक आकडा, मग 'लास्कर', म्हणजे खलाशी, मग '-शीराम गोदू', आणि नदीतल्या बोटींच्या खात्याची तीन अक्षरं. पुढं पुण्याच्या एका निवृत्त कर्नलना, जे अशा पदकांवरून सैनिकांची आयुष्यं हुडकत बसतात, तिनं फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आदल्या दिवशी आलं होतं, आणि ते हातात घेऊन ती आता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आजोबा, कर्नल काकांचा मेल आला," मनस्वी म्हणाली. "पदक खापरपणजोबांचंच आहे, शंभर टक्के."

दादूनं मान हलवली. ते माहीतच होतं त्याला. गुणाबाईच्या हातातली लसणाची पाकळी तेवढी थांबली, पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मनस्वी सांगत गेली. हे पदक लढाईवर गेलेल्या प्रत्येकाला मिळालं, जगला त्यालाही आणि मेला त्यालाही. त्यामुळं नुसत्या पदकावरून काही सांगता येत नाही. खात्याचे कागद गहाळ आहेत, आणि काशीराम गोदू नावाची नोंद दोन-चार तऱ्हांनी लिहिलेली सापडते, त्यातला आपला कुठला ते ठरत नाही. पण एक खूण आहे. जो मेला त्याच्या घरी पदकाशिवाय आणखी एक वस्तू टपालानं यायची. तळहातापेक्षा मोठी, ताटलीसारखी गोल, कांशाची. ती फक्त मेलेल्याच्याच घरी. त्यावर मेलेल्या माणसाचं नाव उठवलेलं असायचं.

"आपल्याकडं तशी ताटली असेल तर ते तिकडंच गेले. नसेल तर..." पोरगी अडखळली. "नसेल तर काहीच सांगता येत नाही."

"नाय तसला काय," दादू म्हणाला. "घर चार येला पाडला नी बांधला. असता तर गावला असता."

गच्चीवरून पाण्याचा तांब्या न्यायला आलेला रामू दारात थबकला होता. रामू म्हणजे हासूकाकाचा नातू, पलीकडच्या घरचा भाऊबंद. पितरांना दोन्ही घरं एकत्र जेवायची ही रीत. बाकी वर्षभर बोलणं बेताचंच. त्यानं विचारलं, कसली ती ताटली, तिच्यावर नावाबिगर दुसरं काय असतं?

मनस्वीनं कागद बघितला. "एक बाई उभी असते, हातात पानांचं कडं धरून. तिच्या पुढं सिंह. आणि पाण्यातले दोन मोठे मासे, तिच्या दोन्ही बाजूंना."

गुणाबाईच्या मांडीवरचं सूप जमिनीवर पडलं आणि लसूण सगळ्या घरभर झाला.

"आये, राव दे, मी भरते," म्हणत सुमती वाकली. दादूनं आईला पाणी दिलं. वय झालं, हात सुटतात, असं कुणीतरी म्हणालं. गुणाबाई पाणी प्यायली आणि डोळे मिटून बसली. तिनं आता ओठ शिवून घेतले असते तर कुणाला काहीही कळलं नसतं, हे तिला लख्ख ठाऊक होतं. देव्हाऱ्यात मधोमध बसलेल्या वाघावरच्या आईला शेंदराखाली बघितलेलं माणूस जगात आता ती एकटीच उरली होती.

वाघावरची आई म्हणजे या घराची देवी. आज ती दोन मुठींएवढा शेंदराचा गोळा होती, त्यावर चांदीचे डोळे. खाली वाघ आहे हे सगळ्यांनी नुसतं ऐकलेलं. गंगाबाईला ती मिठागराच्या चिखलात सापडली, अशी कथा. गंगाबाई दर दसऱ्याला स्वतः तेल-शेंदराचं एक बोट चढवायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. तिच्यामागं तो मान गुणाबाईकडं आला. केतनच्या पहिल्या डंपरवर 'वाघावरची आई प्रसन्न' असं लिहिलं होतं आणि आता असे नऊ डंपर होते.

डोळे मिटल्यावर गुणाबाईला एक रस्ता दिसत होता. मिठागराचा बांध. दोन्हीकडं पांढरंफेक. आई पुढं, ती मागं, पाय भाजतायत. आईच्या पदरात काहीतरी जड, ताटलीसारखं. मिठागराच्या मालकाच्या, पारशाच्या, चौकीत एक चष्मेवाला कारकून होता, त्यानं ते हातात घेतलं, वाचलं, आणि मग चष्मा काढला. काय बोलला ते पोरीला कळलं नाही. त्यानं तिच्या हातावर गूळ ठेवला होता, ते कळलं होतं. येताना आई एक अक्षर बोलली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमा झालं होतं, गंगूला देवी सापडली म्हणून. पुढं लोकांकडून ऐकून ऐकून गुणाबाईलाही चिखलच आठवायला लागला होता. माणसाची आठवण ही अशी दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिते.

आता तिच्यापुढं प्रश्न उभा राहिला, आणि तो तिचा एकटीचा होता. बोलावं, तर शेंदराखाली काय निघेल? नाव नसलं, तर तो बसऱ्याचा खरंच टाकून गेला, गाव म्हणत होतं ते खरं. नाव असलं, तर बाप निर्दोष. पण मग आईचं सत्तेचाळीस वर्षांचं कुंकू खोटं, हिरवं लुगडं खोटं, नवमीचं पान खोटं. एकाला उजळवायला जावं तर दुसरीला काळं फासावं लागणार. चौऱ्याण्णव वर्षांची गुणाबाई खुर्चीत बसून त्या दोघांच्या मधे लेकरासारखी उभी होती.

शेवटी तिनं डोळे उघडले. म्हणाली, "मनू, तुजी ताटली देव्हाऱ्यान हाय."

ऐकू न येणारी बाई मेलमधल्या ओळीला उत्तर देते आहे हेही कुणाच्या लगेच ध्यानात आलं नाही.

मग मात्र जो कल्लोळ झाला तो अर्धा तास चालला. केतन खालून धावत आला, त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: देवीला सुरी लावायची नाही, अमावास्येला तर नाहीच, आणि मनस्वीला हे कॉलेजचं खूळ आवरता येत नसेल तर कॉलेज बंद. दादूला दोन्ही बाजू पटत होत्या, जशा त्या त्याला जन्मभर पटत आल्या होत्या. आधी भगताला विचारू, मग काय ते करू, असं त्यानं तीनदा सांगितलं. मनस्वी रडवेली होऊन म्हणत होती की एक्स-रे काढता येईल. रामू तांब्या हातात धरून दारातच उभा होता. खरं तर दादू आणि केतनला धाक त्याचाच होता. भाऊबंदासमोर घरची देवी उघडी करायची, आणि खाली भलतंच काही निघालं तर उद्या गावभर.

गुणाबाई कुणाशीच बोलली नाही. ती सुनेकडं बघत होती. सुमती या घरात चाळीस वर्षांपूर्वी आली. सासू-सुनेचं कधी फार गूळपीठ नव्हतं. पण गुणाबाईला सगळं ऐकू येतं हे घरात एका सुमतीलाच माहीत होतं आणि तिनं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुमतीनं कढई उतरवली. छोट्या वाटीत खोबरेल तेल घेतलं आणि गॅसवर ठेवलं.

"सुमे, काय करतंस?" दादूनं विचारलं.

"तेल कोमट करते. सुरीनं देवीला इजा होल. तेलानं शेंदूर आपसूक सुटतो." मग केतनकडं न बघता ती म्हणाली, "देव कवच टाकतो नी नवा घालतो, ही रीत हाय. आपण काय पाप नाय करत. आईच्या बापाचा प्रश्न हाय, आई इचारते, देवी सांगंल."

केतन आईच्या शब्दाबाहेर नव्हता. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

देवी पाटावर आली. गुणाबाई खाली बसली. बसायला दोघांनी धरावं लागलं, पण बसली. कापसाच्या बोळ्यानं ती तेल लावत राहिली, कडेकडेनं, बाळाच्या टाळूला लावावं तसं. वड्यांचा वास येत होता आणि बाहेर हायवेवरून कंटेनर चालले होते. पाऊण तासानं शेंदराला बारीक तडा गेला. गुणाबाईनं अंगठा आत घातला आणि नव्वद वर्षांचं कवच नारळाच्या करवंटीसारखं एका तुकड्यात तिच्या हातात आलं.

आत कांसं होतं, पिवळंधमक. बिल्लं गळ्यात मिरवलं ते झिजून सपाट झालं होतं. हे झाकलं गेलं, ते काल टपालातून आल्यासारखं राहिलं होतं. एक बाई उभी होती, अंगावर घोळदार वस्त्र, हातात पानांचं कडं. पुढं सिंह. दोन मासे. केतननं नकळत कपाळाला हात लावला. कुणीही लावला असता. खाडीकाठच्या माणसाला मासे आणि सिंह असलेली बाई दाखवा, तो तिला आईच म्हणणार.

बाईच्या हाताजवळ एक चौकट होती आणि चौकटीत इंग्रजी अक्षरं. मनस्वी गुडघ्यांवर वाकली. तिला वाचायला वेळ लागला नाही, बोलायला लागला.

"काशीराम गोदू," ती म्हणाली. "नुसतं नाव आहे. आणि कडेनं गोल लिहिलंय की... हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला."

"कोनाच्या स्वातंत्र्यासाठी?" रामूनं विचारलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. बसऱ्याहून आलेल्या प्रत्येक माणसाला या घरानं काशीरामचं विचारलं होतं. दादूनं स्वतः बंदरातल्या अरब खलाशांना विचारलं होतं. आणि उत्तर देव्हाऱ्यात बसून रोज दोन वेळा नैवेद्य घेत होतं. "आजीला वाचता येत नव्हता," तो म्हणाला. "बिचारीला म्हाईतच नाय पडला. देवी समजून पूजत रायली."

"म्हाईत व्हता," गुणाबाई म्हणाली.

मग तिनं सगळ्यांना मिठागराचा बांध सांगितला. कारकून, चष्मा, गूळ. सांगता सांगता तिचं तिलाच उलगडत होतं, म्हणून ती मधेच थांबत होती. आईला त्या दिवशी चौकीतच कळलं होतं. आणि घरी येऊन तिनं बांगड्या फोडल्या नाहीत. मेल्याची ती ताटली तिनं देवी करून देव्हाऱ्यात बसवली, शेंदरानं झाकली, आणि दर दसऱ्याला तिच्यावर एकेक थर चढवत गेली, कारण देवीचा शेंदूर खरवडून बघायची छाती गावात कुणाचीच होणार नव्हती.

"पण का?" मनस्वीनं विचारलं. "लोक एवढं बोलायचे त्यांना. नवरा टाकून गेला म्हणायचे. खरं सांगितलं असतं तर निदान..."

गुणाबाईनं रामूकडं बघितलं, आणि सगळ्यांनीच बघितलं. त्या घरातही काही गोष्टी बापानं मुलाला सांगितलेल्या असणारच.

"आमच्या आज्यापायी," तो म्हणाला. "माजा बापूस मराच्या आदी बोल्ला व्हता मना. हासू रोज गंगाकाकीच्या दारान जावाचा, काशा मेलाय, कुकू पूस म्हनून. भाऊ मेला तं सगला वाटा त्याचा, नी रांडव बाईला नी पोरीला कोन इचारतो? कुटंतरी मीठ वेचाला धाडली असती. काकी बोलाची, माजा घोव जिता हाय, त्याचा अर्धा वाटा तसाच रावंदे." त्यानं मान वर केली. "आते, तो अर्धा वाटा म्हंजे ही जागा. जेच्यावर आपून बसलाव."

घोव जिता असायचा तर तो येत का नाही याला काहीतरी कारण लागतं. ते कारण गावानं आयतं पुरवलं आणि गंगाबाईनं ते पदरात घेतलं. टाकलेली म्हणवून घेतलं, पण विधवा झाली नाही. रडायचं राहिलं ते राहिलंच. नवरा मेला म्हणून त्या बाईला एक दिवस उघड रडता आलं नाही. गुणाबाईला आईचा राग आला होता कित्येकदा, की ही बाई असल्या माणसासाठी काय नटते? आपलं लग्न झालं त्या दिवशी तर तिनं आईला म्हटलं होतं, पूस ते एकदा, मना लाज वाटते. आई तेव्हा हसली होती आणि म्हणाली होती, तुज्यासाठीच लावते, बाय. तेही गुणाबाईला आता आठवलं, आणि त्या आठवणीनं मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली. सुमतीनं तिला आपल्या खांद्याशी धरलं. सासू-सुनेच्या चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि दोघींपैकी कुणी अवघडलं नाही.

रामू उठला. तो निघून जाणार असं दादूला वाटलं. पण तो केळीच्या पानांपाशी गेला, वरचं एक पान उचललं, पाण्यानं पुसलं आणि दादूच्या हातात दिलं.

"बारा," रामू म्हणाला.

पान वाढलं गेलं. भात, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, अळू. सुमतीनं वाढता वाढता हात थांबवून विचारलं, आणि सगळ्यांच्या मनात होतं तेच विचारलं, की मग आईंच्या आईचं पान पुढच्या वर्षीपासून कंच्या दिवशी घालायचं. ती तर सवाष्ण नव्हती. नवमीचं पान चालेल का, की तिलाही आता इथं आणायचं?

दादूनं तोंड उघडलं, बहुधा भगताला विचारू असं म्हणायला. पण गुणाबाईनं हात वर केला.

"नवमीलाच," ती म्हणाली. "माज्यासाठी लावलेला कुकू तो. हासूकाकाला पुसाला गावला नाय, तो मी पुसू?"

त्या घरात एखादी गोष्ट अशी एका वाक्यात मिटण्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

मग तिनं पोरीला जवळ बोलावलं. नाव कुठं आहे ते दाखव म्हणाली. मनस्वीनं तिचं बोट धरून चौकटीवर ठेवलं आणि एकेक अक्षर सांगत डावीकडून उजवीकडं फिरवलं. अक्षरं उठावाची होती, बोटाला लागत होती. गुणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं बोट पुन्हा सुरुवातीला नेलं आणि आपलं आपण फिरवलं, मग पुन्हा एकदा. बापाला हात लावायची ती तिची पहिलीच वेळ होती.

गच्चीवर ऊन होतं. बाराही पानं कठड्यावर मांडली गेली. पलीकडं उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यामागं कुठंतरी खाडी होती, गच्चीवरून आता न दिसणारी. रीत अशी, की ज्यानं पान ठेवलं त्यानं पितराला नात्यानं हाक मारायची आणि जेवायला बोलवायचं. दादूनं आपल्या बापाला हाक मारली, पणज्याला मारली. रामूनं हासूला मारली. जरा हळू मारली, पण मारली.

बाराव्या पानापाशी गुणाबाई एकटी उभी होती, एका हातानं कठडा धरून. पानाच्या कडेला तिनं बिल्लं ठेवलं होतं. चौऱ्याण्णव वर्षांत जो शब्द तिनं कुणालाही म्हटला नव्हता तो घशातून यायला वेळ घेत होता. मागं सगळी थांबून राहिली. मनस्वी पुढं व्हायला लागली तेव्हा सुमतीनं तिचा हात धरला.

"बाबा," गुणाबाई म्हणाली. मग घसा खाकरून, खाडीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं अशी, मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मी गुना. जेवाला या."